चौथा रकाना

शनिवारी साडेचारला प्रयोगशाळेला कुलूप लागलं
की ओलं फडकं घेऊन मी जिन्याखालच्या फळ्याकडे जातो.
मागचा आठवडा पुसायला फार वेळ लागत नाही.
उजवीकडचा एक कोपरा तेवढा तेलकट आहे,
तिथं खडू नीट धरत नाही.

बढे सर चोपड्यातून निवृत्त झाले तेव्हा
किल्ल्या हातावर ठेवत म्हणाले होते,
"भिकन, तीन रकाने. शोध, साधनं, पैसा.
चौथा काढू नको, जागा पुरत नाही."
चौदा वर्षं झाली.

शोध :
दूर कुठंतरी कुणी समुद्रतळाचा चिखल उकरून
त्यात हजारो वर्षांपूर्वीचा उन्हाळा मोजलाय.
आमचा उन्हाळा मोजायला चिखल लागत नाही,
फरशीवर तांब्याभर पाणी सांडावं, घड्याळाकडे बघावं.
आणि कुणी मुंगीच्या चालीचा हिशेब मांडलाय, बावीस पानी.
माझ्या वाट्याला दोन ओळी.
दोन ओळींत मुंगी मावते, चाल मावत नाही.

साधनं :
रसायन विभागात नवा तराजू आला.
इतका नाजूक की पंखा चालू असला तर खोटं बोलतो.
म्हणून आम्ही पंखा बंद करतो आणि घाम टिपत
दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत खरे वागतो.
दुसऱ्या वर्षाच्या वसीम पिंजारीने
मोबाइलच्या भिंगाला बांगडी चिकटवून सूक्ष्मदर्शक केला.
खर्च अकरा रुपये.
बापाने पिंजलेला कापूस त्यातून त्याने मला दाखवला :
एकेक तंतू पिळलेला,
पिळून कुणी वाळत घालायचं विसरल्यासारखा.

पैसा :
हा रकाना शेवटी येतो, तोवर खडू नखाएवढा उरतो.
केळीच्या खोडाच्या रसावर साडेतीन लाख मंजूर.
मंजूर म्हणजे मंजूर. आले असं नव्हे.
मागच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र
एका सहीसाठी अडलंय, आणि सही रजेवर आहे.
हे फळ्यावर लिहीत नाही.
फळ्यावर लिहितो : अभिनंदन.

त्या शनिवारी तेजस्विनी फालक वही घेऊन उभी राहिली.
दोन हंगाम ती हरण्याच्या मागे होती,
केळीच्या पानावर पिवळे पट्टे ओढत जाणाऱ्या रोगाच्या.
मावा अडवायला चिकट पिवळे कागद लावले,
आठशे चाळीस झाडं मोजली.
"काका, काही फरक पडला नाही."
एवढंच म्हणाली. फळा बघत राहिली.

हे कुठं लिहायचं?
शोध म्हणावं तर सापडलं काही नाही.
पैसा म्हणावं तर तिचा स्वतःचा गेला, पेट्रोलला.
मी मनातल्या मनात बढे सरांची माफी मागितली
आणि त्या तेलकट कोपऱ्यात एक रेघ ओढली.
वर लिहिलं : फसलं.
खाली तिचं नाव, झाडांचा आकडा.

सोमवारी गोटू महाजन मुलीची फी भरायला आले.
समुद्राचा चिखल वाचला नाही, मुंगी वाचली नाही.
कोपऱ्याशी थांबले.
"पिव्या कागद आम्हना वावरमा बी लायेल व्हतात.
चार हजार गयात. आधी काब्र नही लिखं?"

मी तेजस्विनीला हाक मारली.
तासभर दोघं जिन्याखाली उभे होते.
तो सांगत होता बांधापलीकडच्या काकडीबद्दल,
मावा आधी तिथं कसा जमतो, मग वारा कुठून येतो.
ती वहीचं नवं पान काढून लिहीत होती,
अधूनमधून म्हणत होती, थांबा, परत सांगा.

आता त्या कोपऱ्यात दाटी असते.
खैरनार सरांनी खिशात चिठ्ठी सरकवली :
माझंही टाका, नाव नको.
वसीमची बांगडी तिसऱ्या दिवशी सुटली, तेही तिथंच.
परवा जागा उरली म्हणून मी माझं एक लिहिलं.

तराजू :
पंखा बंद. खिडकी बंद. दार बंद.
तरी आकडा हलत राहिला.
बहुधा मी श्वास घेत होतो.